पावसातल्या गाण्याची जुनी गोष्ट

स्नेहसंमेलन म्हटले की गाण्यांच्या भेंड्या आल्याच, आणि भेंड्यांत हमखास उपयोगी पडतात ती जुनीच गाणी. त्यामुळे या स्मरणिकेसाठी काय लिहावे असा विचार करताना, जुन्या गाण्यांवरच उभ्या राहिलेल्या एका चित्रपटाचा इतिहास सांगावा असे ठरवले. चित्रपट अमेरिकेतला आहे, १९५२ सालचा. त्याचे नाव ‘सिंगिंग इन द रेन’. पूर्ण चित्रपट पाहिला नसला तरी त्यातले एक दृश्य आपल्यापैकी बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेले असते. धो धो पाऊस पडतो आहे, रस्ता रिकामा आहे, आणि सूट घातलेला एक माणूस छत्री मिटून दिव्याच्या खांबाला लटकत, डबक्यांत उड्या मारत गातो आहे. तो माणूस म्हणजे जीन केली.

हे गाणे या चित्रपटासाठी लिहिलेले नव्हते. चित्रपट आला तेव्हा गाणे तेवीस वर्षांचे झालेले होते. तेच एक नव्हे, चित्रपटातली जवळजवळ सगळी गाणी जुनी होती, वेगवेगळ्या चित्रपटांत पूर्वी वाजून गेलेली. आधी कथा, मग प्रसंग, मग त्या प्रसंगाला गाणे, हा आपल्या ओळखीचा क्रम. येथे तो उलटा होता. गाणी आधी होती, आणि त्यांच्यासाठी कथा शोधायची होती. ती कथा ज्या ठिकाणी सापडली तेथे आवाज कोणाचा, चेहरा कोणाचा आणि श्रेय कोणाचे, हा प्रश्न दबा धरून बसलेला होता. मला या चित्रपटाचा इतिहास सांगावासा वाटतो तो त्या प्रश्नामुळे.

दोन माणसे आणि एक पेटारा

या गाण्यांचे शब्द आर्थर फ्रीड यांचे आणि बहुतेक चाली नेशिओ हर्ब ब्राऊन यांच्या. फ्रीड यांचा जन्म १८९४ चा, दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटन गावचा. तरुणपणी ते शिकागोत एका संगीत प्रकाशकाकडे पियानोवर नवी गाणी वाजवून दाखवण्याचे काम करीत. गाण्याचे छापील कागद विकले जावेत म्हणून ते गिऱ्हाइकाला वाजवून दाखवायचे, असा तो पेशा. रेकॉर्ड आणि रेडिओ घरोघरी पोहोचण्यापूर्वी गाणे लोकप्रिय व्हायचे ते अशाच मार्गाने. ब्राऊन यांचा जन्म १८९६ चा, न्यू मेक्सिकोतल्या डेमिंगचा. लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी आधी शिवणकामाचा धंदा केला, नंतर जमीनजुमल्याच्या व्यवहारात पैसा मिळवला. गाणी करणे हा सुरुवातीला त्यांचा जोडधंदाच होता.

या दोघांचे नशीब उघडले ते बोलपटाने. ६ ऑक्टोबर १९२७ रोजी वॉर्नर ब्रदर्सचा ‘द जॅझ सिंगर’ प्रदर्शित झाला आणि दोनेक वर्षांत हॉलिवूडमधला मूकपटांचा जमाना संपत आला. पडदा बोलू लागल्यावर तो गाऊही लागणार, हे सगळ्याच कंपन्यांच्या लक्षात आले. एमजीएम या बड्या कंपनीने १९२९ मध्ये ‘द ब्रॉडवे मेलडी’ हा आपला पहिला संगीतमय बोलपट काढला. त्यातली मुख्य गाणी फ्रीड आणि ब्राऊन यांची होती. तो तुफान चालला आणि त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर त्याला मिळाले. त्याच वर्षी एमजीएमने आपल्या बहुतेक बड्या नटनट्यांना एकत्र करून ‘द हॉलिवूड रेव्ह्यू ऑफ १९२९’ काढला. त्याच्यात क्लिफ एडवर्ड्स या गायकाने उकुलेले हे छोटे तंतुवाद्य वाजवत एक नवे गाणे म्हटले: ‘सिंगिंग इन द रेन’. चित्रपटाच्या शेवटी कंपनीचे बडे तारे रेनकोट घालून एका ओळीत उभे राहतात आणि हेच गाणे पुन्हा होते.

पुढची दहा वर्षे ही जोडी एमजीएमसाठी गाणी करीत राहिली. १९३९ च्या सुमारास फ्रीड यांनी गीतलेखन बाजूला ठेवून निर्मितीत पाऊल टाकले. ‘बेब्ज इन आर्म्स’ हा निर्माता म्हणून त्यांचा पहिला चित्रपट. नंतरच्या दशकात एमजीएममधला त्यांचा विभाग ‘फ्रीड युनिट’ म्हणून ओळखला जाऊ लागला. गाणारे, नाचणारे, संगीत संयोजक, नेपथ्यकार आणि लेखक अशी पारखून घेतलेली माणसे त्यांनी तेथे जमवली. त्यांचे एक ठरलेले तंत्र होते: एखाद्या मोठ्या संगीतकाराची गाजलेली गाणी घ्यायची आणि त्यांच्याभोवती चित्रपट गुंफायचा. १९४६ मध्ये जेरोम कर्न यांच्या गाण्यांवर, १९४८ मध्ये रॉजर्स आणि हार्ट यांच्या गाण्यांवर, १९५१ मध्ये जॉर्ज गर्शविन यांच्या संगीतावर ‘अ‍ॅन अमेरिकन इन पॅरिस’. मग निर्माते फ्रीड यांना वाटले, आता गीतकार फ्रीड यांच्या गाण्यांवरही एक चित्रपट व्हायला काय हरकत आहे?

गाण्यांना कथा हवी होती

हे काम आले बेटी कॉम्डेन आणि अ‍ॅडॉल्फ ग्रीन या लेखकजोडीकडे. ही दोघे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरची, स्वतः गीते लिहिणारी. नव्या चित्रपटाची पटकथा आणि गीते दोन्ही आपणच लिहायची, अशा समजुतीने ती कॅलिफोर्नियात आली. तेथे पोहोचल्यावर कळले की गीते तयार आहेत, तुम्ही फक्त कथा लिहा. गीते कोणाची, तर साहेबांचीच! करारात आपल्याला गीते लिहिण्याचाही हक्क आहे, असा दोघांचा ठाम विश्वास. पण करार नीट वाचून पाहिल्यावर तसे काही त्यात निघाले नाही, असे त्यांनी पुढे मोठ्या गमतीने लिहून ठेवले आहे.

फ्रीड यांचे उजवे हात असलेले संगीतज्ञ रॉजर ईडन्स यांनी पियानोवर बसून सगळा पेटारा त्यांना वाजवून दाखवला. गाणी गोड होती, साधी होती, पण त्यांना जोडणारा धागा काही सापडेना. बऱ्याच धडपडीनंतर त्यांच्या ध्यानात एक सोपी गोष्ट आली. यातली कितीतरी गाणी १९२९ च्या आसपासची आहेत, म्हणजे मूकपट संपून बोलपट सुरू झाला त्या धांदलीची आहेत. मग आजच्या काळातली कथा लिहून तीत ही गाणी ओढूनताणून बसवण्यापेक्षा त्याच काळाची कथा का लिहू नये? गाण्यांचे जन्मवर्ष हाच कथेचा विषय झाला.

ही युक्ती फार नेमकी होती. त्या काळातली फजिती पाहिलेली माणसे १९५१ मध्ये एमजीएमच्या आवारातच नोकरीला होती. सुरुवातीला ध्वनिग्राहक कुठे लपवायचा हा प्रश्न असे. नटी मान वळवली की तिचा आवाज नाहीसा होई. कॅमेऱ्याची घरघर ऐकू येऊ नये म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांनाही बंद खोक्यात कोंडले जाई. चित्र एका यंत्रावर आणि आवाज वेगळ्या तबकडीवर असल्याने दोन्हींची चुकामूक होई. चित्रपटात या सगळ्याची धमाल उडवली आहे. झुडपात लपवलेला ध्वनिग्राहक, नटीच्या मोत्यांच्या माळेचा गडगडाट, खलनायकाच्या तोंडून येणारा नायिकेचा आवाज, हे विनोद हवेतून आलेले नाहीत. थोड्या अतिशयोक्तीने सांगितलेल्या त्या खऱ्या अडचणी आहेत.

कोणते गाणे कुठले

आता भेंड्यांप्रमाणे एकेक गाणे घेऊ. ‘यू वेअर मेन्ट फॉर मी’ आणि ‘द वेडिंग ऑफ द पेंटेड डॉल’ ही ‘द ब्रॉडवे मेलडी’तली, १९२९ ची. ‘शुड आय’ १९३० च्या ‘लॉर्ड बायरन ऑफ ब्रॉडवे’ मधले. ‘फिट अ‍ॅज अ फिडल’ १९३२ चे. त्याचे शब्द फ्रीड यांचे, पण चाल ब्राऊन यांची नाही, ती अल हॉफमन आणि अल गुडहार्ट यांची. ‘ब्यूटिफुल गर्ल’ १९३३ चे. ‘ऑल आय डू इज ड्रीम ऑफ यू’ १९३४ च्या ‘सॅडी मकी’ मधले. ‘यू आर माय लकी स्टार’, ‘ब्रॉडवे ऱ्हिदम’ आणि ‘आय हॅव गॉट अ फीलिंग यू आर फूलिंग’ ही तिन्ही ‘ब्रॉडवे मेलडी ऑफ १९३६’ मधली. ‘वुड यू’ हे १९३६ च्या ‘सॅन फ्रान्सिस्को’ मध्ये जेनेट मॅकडोनाल्ड यांनी गायिलेले. ‘गुड मॉर्निंग’ हे ‘बेब्ज इन आर्म्स’ मध्ये मिकी रूनी आणि ज्युडी गारलंड या जोडीने म्हटलेले.

खुद्द शीर्षकगीतही मधल्या काळात स्वस्थ बसलेले नव्हते. १९३२ मध्ये जिमी ड्युरांटे या विनोदी नटाने आणि १९४० च्या ‘लिटल नेली केली’ मध्ये ज्युडी गारलंड यांनी ते म्हटले होते. म्हणजे जीन केली यांच्या वाट्याला आले ते चांगले तीन-चार वेळा वापरलेले गाणे.

मग नवे काय होते? पूर्ण नवी अशी फक्त दोन गाणी. एक ‘मोझेस सपोझेस’. जीभ वळवणाऱ्या शब्दांचे हे गाणे कॉम्डेन आणि ग्रीन यांनी लिहिले, चाल ईडन्स यांनी लावली. शब्दोच्चार सुधारायला नटांना शिक्षकाकडे पाठवले जात असे, त्या पद्धतीची ती चेष्टा आहे. चित्रपटात ज्याचे शब्द फ्रीड यांचे नाहीत असे हे एकमेव गाणे.

दुसरे नवे गाणे ‘मेक देम लाफ’. डोनल्ड ओकॉनर या नटाला एकट्यासाठी काहीतरी हवे होते, म्हणून ते ऐनवेळी तयार झाले. ते ऐकले की १९४८ च्या ‘द पायरेट’ या चित्रपटातले कोल पोर्टर यांचे ‘बी अ क्लाऊन’ आठवल्याशिवाय राहत नाही. चाल, ठेका आणि आशय यांत इतके साम्य आहे की दिग्दर्शक स्टॅन्ली डोनन यांनीच पुढे ती उघड नक्कल असल्याचे मान्य केले. ‘द पायरेट’चे निर्मातेही फ्रीडच होते. पोर्टर यांनी मात्र कोर्टकचेरी केली नाही. ओकॉनर यांनी त्या गाण्यात भिंतीवर धावत जाऊन मारलेल्या कोलांट्या आजही आपल्याला थक्क करतात. पण चालीचे श्रेय कोणाचे, हा प्रश्न तेथे राहतोच.

जुन्या गाण्यांचे काय केले

जुनी गाणी जशीच्या तशी वापरली असती तर आज हा चित्रपट कोणाच्या लक्षात राहिला नसता. गाण्यांचे शब्द आणि चाली तशाच ठेवून त्यांना नवी जागा दिली, हे फ्रीड युनिटचे खरे कसब.

‘यू वेअर मेन्ट फॉर मी’ चे उदाहरण घ्या. हे सरळ प्रेमगीत. नायक डॉन हा प्रसिद्ध नट, पण मनातले बोलायचे तर त्याला सजावट लागते. तो नायिका कॅथीला रिकाम्या स्टुडिओत नेतो. एक बटण दाबले की चांदणे, दुसरे दाबले की धुके, पंखा लावला की वारा. शिडीवर तिला उभी करतो, ती झाली सज्जा. सिनेमाचा सगळा खोटेपणा आपल्या डोळ्यांसमोर उघडा करून मग तो गाऊ लागतो, आणि तरीही गाणे खरे वाटते. १९२९ च्या साध्या गाण्याला ही खोली दृश्यामुळे आली.

शीर्षकगीताचेही तसेच. ईडन्स यांनी त्याच्या सुरुवातीला एक गुणगुण जोडली, शब्द नसलेली, रस्त्याने चालताना आपण सहज गुणगुणतो तशी. त्यामुळे गाणे केव्हा सुरू झाले हे कळतच नाही. माणूस चालता चालता गुणगुणतो, गुणगुणता गुणगुणता गातो, गाता गाता नाचू लागतो. नाच संपतो तोही एका पोलिसाच्या संशयी नजरेने, आणि नायक आपली छत्री समोरून येणाऱ्या वाटसरूला देऊन टाकतो. १९२९ मध्ये ताऱ्यांची रांग रेनकोटात उभी होती. १९५२ मध्ये तेथे एकच माणूस होता, आणि तो मुद्दाम भिजत होता.

या दृश्यामागचे कष्ट पडद्यावर दिसत नाहीत. स्टुडिओच्या आवारातल्या कायम उभ्या असलेल्या रस्त्यावर वर नळ टाकून पाऊस पाडला होता. पावलांच्या ठेक्याला हवी तेथे डबकी यावीत म्हणून जमिनीत खड्डे करून घेतले होते. पावसाचे पाणी दिसावे म्हणून त्यात दूध मिसळले होते, ही गोष्ट खूप फिरते, पण ती दंतकथा आहे. प्रकाशयोजनाकारांनी दिवे मागच्या बाजूने लावून थेंब उजळवले होते. चित्रीकरणाच्या वेळी केली यांच्या अंगात सडकून ताप होता. तो १०३ अंश होता, असे नेहमी सांगितले जाते. टॅप नाचातला बुटांचा खडखडाटही बहुतेक वेळा नंतर वेगळा ध्वनिमुद्रित होत असे, कारण पाण्यात आणि कॅमेऱ्याच्या गडबडीत तो स्वच्छ मिळणे कठीणच.

‘गुड मॉर्निंग’ची कहाणीही अशीच. नायिकेचे काम करणारी डेबी रेनल्ड्स तेव्हा अवघी १९ वर्षांची होती. तिला कसरतीचा सराव होता, पण नाचाचे शिक्षण नव्हते. बरोबरीला होते जीन केली आणि डोनल्ड ओकॉनर, दोघेही लहानपणापासून नाचणारे. या गाण्याचे चित्रीकरण सकाळी सुरू झाले आणि रात्री उशिरा संपले, तेव्हा तिच्या पायांतून रक्त येत होते. तालमीच्या दिवसांत एकदा ती पियानोखाली बसून रडत असताना थोर नर्तक फ्रेड अस्टेअर यांनी तिला पाहिले आणि आपली तालीम पाहायला बोलावले, कष्ट त्यांनाही चुकलेले नाहीत हे तिला दिसावे म्हणून. ही आठवण तिने स्वतःच पुढे अनेकदा सांगितली. सकाळच्या आनंदाचे ते गाणे पाहताना हे सगळे ठाऊक असले की आपण तिच्या हसण्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

पडद्यामागचा गळा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चित्रपटातली प्रसिद्ध नटी लीना लामाँट दिसायला देखणी, पण तिचा आवाज कर्कश. बोलपट आल्यावर तिचे काय करायचे? युक्ती निघते. पडद्यावर लीनाने ओठ हलवायचे, आवाज कॅथीचा वापरायचा. लीनाला ही सोय इतकी आवडते की कॅथीने जन्मभर आपला आवाजच व्हावे आणि तिचे नाव कुठेही येऊ नये, असा तिचा हट्ट. शेवटी भर थिएटरात लीना ओठ हलवत असते, पडद्यामागे कॅथी गात असते, आणि मागून पडदा वर ओढला जातो. प्रेक्षकांना खरा गळा दिसतो. कॅथीला न्याय मिळतो आणि आपण टाळ्या वाजवतो.

या कथेची मुळे याच गाण्यांच्या इतिहासात आहेत. ‘द ब्रॉडवे मेलडी’तले ‘द वेडिंग ऑफ द पेंटेड डॉल’ चित्रित झाले तेव्हाची रीत अशी की गाणे, वाद्ये आणि नाच सगळे एकाच वेळी, एकाच जागी मुद्रित करायचे. झालेले चित्रीकरण निर्मितिप्रमुख अर्व्हिंग थालबर्ग यांना पसंत पडले नाही. पुन्हा चित्रीकरण म्हणजे पुन्हा सगळा वाद्यवृंद. तेव्हा ध्वनिविभागाचे डग्लस शिअरर यांनी सुचवले की गाणे तर उत्तम मुद्रित झाले आहे, तेच ध्वनिवर्धकावर वाजवू आणि त्या तालावर फक्त नाच पुन्हा चित्रित करू. तसे केले. खर्च वाचला, कॅमेरा मोकळा झाला, आणि हॉलिवूडमध्ये ‘प्लेबॅक’ची पद्धत रुळू लागली. एकदा आवाज आणि शरीर असे वेगळे झाले की दुसऱ्याचा आवाज लावणे फक्त एक पाऊल दूर राहते. ‘सिंगिंग इन द रेन’ मध्ये हे बाहुलीचे गाणे काही क्षणच वाजते. पण चित्रपटाची सगळी कथा त्याच गाण्याने उघडलेल्या दारातून आत आलेली आहे.

आता खरी गंमत. चित्रपटात कॅथी लीनासाठी ‘वुड यू’ गाते. पण तेथे जो आवाज आपल्याला ऐकू येतो तो डेबी रेनल्ड्सचा नाहीच. तो आहे बेटी नॉइज या गायिकेचा. आणि कॅथी लीनासाठी जे संवाद बोलते त्यांचा भारदस्त आवाज आहे जीन हेगन यांचा, म्हणजे लीनाचेच काम करणाऱ्या नटीचा! हेगन यांचा स्वतःचा आवाज मुळात छान होता, कर्कश आवाज त्यांनी भूमिकेसाठी काढला होता. थोडक्यात, दुसऱ्याच्या आवाजाचे श्रेय चोरू नये असे सांगणाऱ्या चित्रपटातही पडद्यामागे वेगळाच गळा होता, आणि चित्रपटाच्या नामावळीत बेटी नॉइज यांचे नाव नाही. १९४१ च्या ‘डम्बो’ या डिस्नेच्या चित्रपटातले अंगाईगीत त्यांनीच गायिले होते. ते ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेले, पण त्या पडद्यावरही त्यांचे नाव झळकले नाही.

यात कोणी एक खलनायक नव्हता, पद्धतच तशी होती. पुढे मार्नी निक्सन यांनी ‘द किंग अँड आय’ मध्ये डेबोरा कर यांच्यासाठी, ‘वेस्ट साइड स्टोरी’ मध्ये नॅटली वुड यांच्यासाठी आणि १९६४ च्या ‘माय फेअर लेडी’ मध्ये ऑड्री हेपबर्न यांच्यासाठी गायिले. तेव्हाही नटीचे गाणे नटीनेच म्हटले, हा भ्रम जपणे कंपन्यांना महत्त्वाचे वाटत होते.

आपल्याकडचा पडदा कसा उघडला

येथे आपल्याकडच्या चित्रपटांची आठवण येणे स्वाभाविक आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ झळकला आणि पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला. त्यात गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांनी आपापली गाणी स्वतःच म्हटली. संगीत नाटकाची सवय असलेल्या आपल्या प्रेक्षकाला दुसरे काही मान्यही झाले नसते. नाटकात जो गातो तोच नट. १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने नितीन बोस यांच्या दिग्दर्शनाखाली बंगालीत ‘भाग्यचक्र’ आणि हिंदीत ‘धूप छाँव’ काढला. रायचंद बोराल यांच्या संगीत दिग्दर्शनात तेथे पार्श्वगायन आले आणि हळूहळू रुळले.

आपल्याकडेही सुरुवातीला पडदा बंदच होता. १९४९ च्या ‘महल’ मधले ‘आएगा आनेवाला’ हे गाणे घराघरात पोहोचले, पण तबकडीवर गायिकेचे नाव छापले होते ‘कामिनी’. चित्रपटात मधुबाला यांनी केलेल्या भूमिकेचे ते नाव. गाणारी कोण, अशी रेडिओकडे विचारणा होऊ लागली, आणि मग लता मंगेशकर हे नाव लोकांना कळले. पुढच्या काळात तबकडीवर आणि रेडिओवर गायकांची नावे येऊ लागली. पार्श्वगायनाला फिल्मफेअरचे वेगळे पारितोषिक नाही, हे लताबाईंनी ठणकावून सांगितले. १९५९ मध्ये ते सुरू झाले आणि ‘मधुमती’तल्या गाण्यासाठी पहिले त्यांनाच मिळाले.

तंत्र एकच, पण दोन देशांत त्याची गोष्ट वेगळी घडली. हॉलिवूडने गळा लपवला. आपल्याकडे श्रोत्यांनी गळ्याचे नाव विचारले, आणि नटीच्या तोंडी लताबाईंचे गाणे आहे हे माहीत असूनही आपण त्या गाण्यात रंगून गेलो. कॅथीच्या मागचा पडदा चित्रपटात एका झटक्यात वर गेला. आपल्याकडे तो श्रोत्यांच्या पत्रांनी आणि गायकांच्या आग्रहाने इंचाइंचाने वर गेला.

नंतरचे दिवस

‘सिंगिंग इन द रेन’ न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये २७ मार्च १९५२ रोजी प्रदर्शित झाला. त्याच्या आठवडाभर आधीच ‘अ‍ॅन अमेरिकन इन पॅरिस’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले होते. निर्माते तेच, नायक तोच, त्यामुळे सगळ्यांचे लक्ष त्या थोरल्या भावंडाकडे होते. नवा चित्रपट चालला चांगला, पण कोणी त्याला डोक्यावर घेतले नाही. ऑस्करची दोनच नामांकने आली, एक जीन हेगन यांना आणि एक संगीताला. मिळाले एकही नाही.

त्याचे मोठेपण ध्यानात यायला वीस-पंचवीस वर्षे लागली. १९७१ मध्ये स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ मध्ये हेच आनंदाचे गाणे एका क्रूर प्रसंगात गुणगुणले गेले, आणि इतके निरागस गाणे किती भेसूर वाटू शकते हे प्रेक्षकांना समजले. १९७४ मध्ये एमजीएमच्या जुन्या संगीतपटांचा ‘दॅट्स एंटरटेनमेंट’ हा संग्रह निघाला. त्याची सुरुवातच या गाण्याच्या निरनिराळ्या अवतारांनी होते. १९८९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहासाठी पहिले २५ चित्रपट निवडले गेले, त्यात हा होता. २००७ मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या सर्वकालीन श्रेष्ठ अमेरिकन चित्रपटांच्या यादीत तो पाचव्या क्रमांकावर होता.

फ्रीड आणि ब्राऊन यांची गाणी त्यांच्या काळातल्या इतर शेकडो गाण्यांसारखीच होती. गर्शविन किंवा पोर्टर यांच्या पंक्तीत समीक्षक त्यांना बसवत नाहीत. ती टिकली, कारण कोणीतरी ती पुन्हा काढली, त्यांचा काळ ओळखला आणि त्यांना साजेशी जागा शोधून दिली. त्या कामात खांबाला लटकणाऱ्या एका माणसाबरोबर नळ सोडणारे, दिवे लावणारे, खड्डे खणणारे, गुणगुण जोडणारे आणि दुसरीच्या ओठांवर आपला आवाज ठेवणारी एक गायिका, असे कितीतरी हात आणि गळे होते.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या या स्मरणिकेत जुन्या स्नेहसंमेलनांचे फोटो असतीलच. रंगमंचावरच्या मुलामुलींची नावे आपण सहज ओळखू. पण समूहगीताला पेटी कोण वाजवत होते, विंगेतून शब्द कोण सांगत होते, पडदा कोण ओढत होते आणि नाचाच्या मुलींच्या वेण्या कोण घालत होते, हेही आठवत असेल तर फोटोखाली जरूर लिहावे. ती नावे सांगू शकणारे आज आपल्यात आहेत, आणि यंदा ते सगळे एकत्र जमणार आहेत.